बेस वाढवण्याआधी बॉक्स हलवा

गंगापूर रोडवरच्या एका लॉन्सवर भाच्याची हळद होती. शंभर-सव्वाशे माणसं, छोटं स्टेज, दोन टॉप आणि 18 इंची दोन बेस. बेस अर्थातच स्टेजच्या दोन टोकांना, कारण फोटोत तसेच शोभून दिसतात. मधोमध नाचणाऱ्या पोरांच्या छातीत ठोका बसत होता. डावीकडे खुर्च्यांवर टेकलेल्या मावशा-काकूंपर्यंत मात्र नुसती चरचर पोहोचत होती. डीजेवाल्या पोराला सांगितलं, तर त्याने अँपचा आवाज आणखी वाढवला. मधल्यांचे कान बधिर झाले, कडेला काही फरक नाही.

दोन बाजूंना दोन बॉक्स ठेवले की सगळीकडे सारखा आवाज, हा आपल्याकडचा सर्वांत चिवट गैरसमज. टॉपच्या बाबतीत तो बराचसा चालून जातो, बेसच्या बाबतीत नाही. बेसच्या लाटा लांबलचक असतात. हवेत आवाज सेकंदाला साधारण 344 मीटर जातो, म्हणजे 43 हर्ट्झची एक लाट 8 मीटरची झाली. आता त्या स्टेजचं गणित मांडा. दोन बॉक्समध्ये अंतर 8 मीटर आणि मावशी डाव्या बॉक्सच्या नाकासमोर 6 मीटरवर. मग उजवा बॉक्स तिच्यापासून, शाळेतल्या पायथागोरसला स्मरून, 10 मीटरवर येतो. फरक 4 मीटरचा, बरोबर अर्धी लाट. डाव्या बॉक्सची लाट मावशीपाशी हवा ढकलते, त्याच क्षणी उजव्याची ओढून घेते. तेवढ्याच अंतरावर पण मधल्या रेषेत उभ्या असलेल्या पोराला जो बेस मिळतो, त्यापेक्षा तिच्या वाट्याला सुमारे 12 डेसिबल कमी येतो. गंमत म्हणजे उजवा बॉक्स बंदच केला असता, तर मावशीला जास्त ऐकू आलं असतं! अँप वाढवून हे सुटत नाही, कारण भांडणारे दोघेही सारखेच बळकट होतात.

खात्री करायला यंत्र लागत नाही. एकाच सुरावर चालणारा बेस लावा आणि स्टेजला समांतर सावकाश चाला. ठोका येतो, विरतो, पुन्हा येतो. सूर बदलला की खड्ड्यांच्या जागाही बदलतात.

उपाय फुकटचा आहे. दोन्ही बेस उचला आणि स्टेजसमोर मधोमध, जमिनीवर, एकमेकांना चिकटवून ठेवा. मग ते एकाच मोठ्या बॉक्ससारखे वागतात आणि एकट्या बॉक्सपेक्षा 6 डेसिबलपर्यंत जास्त देतात. नुसते वॅट दुप्पट केले तर हाती 3 डेसिबल येतात, तेही अँप आणि स्पीकरने सोसलं तर. जवळ आणल्यावर बेस उलट घटला, तर एका बॉक्सची वायर उलटी जोडलेली आहे असं समजा. हा घोटाळा वाटतो त्याहून जास्त ठिकाणी सापडतो.

त्या पोराचं म्हणणं वेगळंच होतं: “काका, बेस तयार व्हायला पंधरा-वीस फूट लागतातच. जवळ उभं राहून कळत नाही.” तसं असतं तर कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये बेस आलाच नसता. पुढे बेस नसेल आणि मागे असेल, तर पुढे खड्डा पडलाय एवढाच त्याचा अर्थ.

बेस उंचावर ठेवला की लांब जातो, हेही तसंच. टॉप डोक्यांच्या वर हवेत, कारण बारीक आवाज माणसांच्या गर्दीत अडतो. बेस अडत नाही, शिवाय जमीन सोडली तर तिचा आधारही जातो.

भिंतीचं प्रकरण जरा नाजूक आहे. बॉक्स भिंतीला अगदी लागून असेल तर बेस वाढतो. पण वायरी काढायला म्हणून मध्ये साडेचार-पाच फुटांची वाट सोडली, तर 60 हर्ट्झच्या आसपासचा ठोका भिंतीवर आपटून उलटा परततो आणि स्वतःलाच मारतो. पंचवटीतल्या एखाद्या जाड भिंतींच्या मंगल कार्यालयात हे लक्षात ठेवावं लागतं. मंडपाची कनात मात्र भिंत नव्हे. बेसच्या लेखी ती नसल्यातच जमा.

आणि बॉक्सचं तोंड ज्या दिशेला, त्याच दिशेला बेस, हा समज सर्वांत महागात पडतो. साधा बेस बॉक्स मागेही जवळपास तितकाच घुमतो. हळदीच्या दिवशी स्टेजमागे केटररच्या पातेल्यांवरची झाकणं प्रत्येक ठोक्याला खणखणत होती. तीन बॉक्स आणि प्रोसेसर असेल, तर मधल्याचं तोंड मागे करून, त्याची वायर उलटवून आणि त्याला मोजका उशीर देऊन मागचा बेस बराच खाली आणता येतो.

मीटरमध्ये आकडा कमी दिसला की शेजारी सुखी, असंही नसतं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, पण ती ‘ए’ मापात. हे माप 63 हर्ट्झच्या आवाजातून 26 डेसिबल वजा करूनच आकडा दाखवतं. खिडकीची काच अशी वजाबाकी करत नाही.

जेवणाच्या पंगतीत आम्ही चौघांनी दोन्ही बॉक्स हिरवळीवरून ओढत मध्ये आणले. पोराने स्वतःहून अँप थोडा खाली घेतला. मावशी खुर्चीवरून उठली, पदर खोचला आणि थेट नाचायला गेली. झाकणं तेवढी रात्री 10 ला आवाज बंद होईपर्यंत वाजतच राहिली. आमच्याकडे तिसरा बॉक्स नव्हता.