साबण बंद झालेल्या घराचे नाटक

‘नो शुगर’ म्हणजे ‘साखर नाही’. एवढ्या साध्या नावाचे हे नाटक ऑस्ट्रेलियातील जॅक डेव्हिस यांनी लिहिले आणि १९८५ साली पर्थ शहरात ते पहिल्यांदा रंगमंचावर आले. डेव्हिस हे नूंगार या मूळ रहिवासी लोकांपैकी. जन्म १९१७ चा, मृत्यू २००० चा. गुरे राखणे, कुंपणे सांभाळणे अशी अंगमेहनतीची कामे करत ते कवी झाले, नाटककार झाले. ज्या सरकारी वसाहतीची गोष्ट या नाटकात आहे, त्या मूर रिव्हर वसाहतीत ते स्वतः कोवळ्या वयात राहून आले होते. म्हणून नाटकातला भातुकलीएवढा तपशीलही ऐकीव वाटत नाही.

आमच्या वस्तीतली एक मुलगी इंग्रजी घेऊन एम. ए. करते. बाप जिनिंगमध्ये हमाल, आई चार घरची कामे करते. तिला हे नाटक अभ्यासाला होते. बाजारातल्या गाईडमध्ये ‘वंशभेदाचे चित्रण’, ‘शीर्षकाची समर्पकता’ अशी तयार उत्तरे होती. ती पाठ करून मार्क मिळतात, पण माणसे दिसत नाहीत. तेव्हा विहारात रविवारच्या वंदनेनंतर तिने एकेक अंक आपल्या भाषेत सांगायचा आणि आपण सगळ्यांनी ऐकायचा असे आम्ही ठरवले. चार रविवार लागले. वाचकहो, ते चार रविवार आमच्या फार कामी आले, म्हणून हे लिहितो आहोत.

नाटक सुरू होते १९२९ साली, नॉर्दम या गावाबाहेरच्या राखीव जागेवर. गोऱ्यांनी तो मुलूख १८२९ मध्ये बळकावला, त्याला शंभर वर्षे झाली म्हणून जिकडेतिकडे उत्सव चाललेला. मिलिमुरा कुटुंबातला तरणा मुलगा जो त्या उत्सवाची बातमी वर्तमानपत्रातून अडखळत वाचतो आहे. घरात आई मिली, बाप सॅम, मामा जिमी, धाकटी भावंडे सिसी आणि डेव्हिड, आणि सगळ्यांच्या वर आजी. ज्यांची जमीन गेली, त्यांच्याच पोराने ती गेल्याच्या आनंदोत्सवाची बातमी वाचायची! सुरुवात इतकी शांत आहे की पहिल्या वेळी कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण आमच्या बायाबापड्यांना धरून ठेवले ते शिध्याच्या प्रसंगाने. मिली आणि आजी पोलीस ठाण्यावर शिधा आणायला जातात. होय, ठाण्यावरच, कारण या लोकांचा शिधा वाटायचे काम पोलिसांकडे. सार्जंट मोजून पीठ देतो, साखर देतो, चहा देतो. मिली विचारते, साबण? साबण आता बंद, असे तो सांगतो. मग पोरांना धुवायचे कशाने? त्यावर त्याच्याकडे उत्तर नाही, नुसते उपदेश आहेत. थंडीची घोंगडी आली का, तर तीही नाहीत. आजी गप्प बसणारी बाई नाही. ती आपल्या भाषेत सार्जंटला असे काही ऐकवते की विहारात हशा पिकला. रेशन दुकानासमोर उभे राहून जिने आयुष्य काढले, तिला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. दुकानदाराने ‘यंदा रॉकेल आलं नाही’ म्हटल्यावर परत फिरताना जे मनात येते, ते सगळे त्या दोन बायांच्या चालण्यात आहे.

याच नाटकात पर्थच्या कचेरीत बसलेला नेव्हिल नावाचा अधिकारी आहे. हा काल्पनिक नव्हे. १९१५ पासून तो पश्चिम ऑस्ट्रेलियात मूळ रहिवाशांचा ‘मुख्य संरक्षक’ होता. १९०५ च्या कायद्याने सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मूळ रहिवासी मुलाचा कायदेशीर पालक आईबाप नव्हे, तर हा संरक्षक. तो मंत्र्याला पत्र लिहवून घेताना हिशेब देतो: या लोकांच्या एका माणसाचा आठवड्याचा शिधा २ शिलिंग ४ पेन्सला पडतो, गोऱ्या बेकाराला आठवड्याला ७ शिलिंग मिळतात. एका शिलिंगचे पेन्स १२. म्हणजे २८ पेन्स आणि ८४ पेन्स. बरोबर तिसरा हिस्सा! आमच्यातल्या सातवीतल्या मुलाने हे गणित पाटीवर करून दाखवले. भूक तीच, पोट तेच, मंदीही तीच, आणि सरकारी कागदावर एक माणूस तिसऱ्या हिश्श्याचा.

पुढे गावातले गोरे ओरडा करतात की हे लोक आमच्या गावाजवळ नकोत. मग एक दिवस सांगण्यात येते की वस्तीत खरूज पसरली आहे, सगळ्यांना मूर रिव्हरला हलवायचे. घर मोडते, माणसे हाकलली जातात. तिथे गेल्यावर तपासणीत दिसते की बहुतेकांना खरूज नाहीच. हेही घडलेले आहे. १९३३ च्या जानेवारीत नॉर्दमचे लोक असेच उचलून नेले होते. त्या प्रांताचे मुख्यमंत्री मिचेल हे त्याच मतदारसंघाचे आणि निवडणूक तोंडावर आलेली. मामा जिमी हे बोलून दाखवतो. त्याच्या तोंडाला कुलूप नाही. (एवढे करूनही मिचेल यांची ती जागा गेलीच.)

इथे एक बाई मध्येच म्हणाल्या, “म्हंजे साबन यायनंच बंद केला, अन् खरूज झाली म्हून हाकललंबी यायनंच!” गाईडच्या दहा पानांत जे नव्हते, ते त्या एका वाक्यात आले. आमच्या विद्यार्थिनीने ते वहीत उतरवून घेतले. परीक्षेत उत्तराची सुरुवात तिथूनच करणार म्हणाली.

नाटकाचे नाव कुठून आले तेही सांगू. वसाहतीत पोरांना रविवारी देवाची गाणी शिकवतात. १९३४ साली राष्ट्रीय दिनाला नेव्हिल साहेब येतात, भाषण ठोकतात आणि सगळ्यांनी सुखाच्या देशाचे गाणे म्हणायचे असते. हे कुटुंब त्याच चालीवर आपले शब्द घालते: चहात साखर नाही, लोणी दृष्टीस नाही. त्या गोंधळात जिमी साहेबाशी समोरासमोर भांडतो आणि तिथेच कोसळून मरतो. जो आणि त्याची मेरी यांना पुढे मूल होते, त्याचे नाव जिमी ठेवतात. आपल्या जलशांत दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द घालण्याची रीत जुनी आहे, त्यामुळे ही युक्ती आम्हाला लगेच ओळखीची वाटली.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांनी सोडू नये. डेव्हिस यांनी आपल्या माणसांना देव केलेले नाही. सॅम आणि जिमी पितात, पिऊन भांडतात. आणि वसाहतीत हातात चाबूक घेऊन फिरणारा बिली हा त्यांच्यातलाच, दूरच्या किंबर्ली भागातला. मेरीला मारायला साहेबाला मदत करणारा तोच. आणि एका रात्री शेकोटीजवळ बसून आपल्या लोकांची गोऱ्यांनी कशी कत्तल केली, हे डोळ्यांत पाणी आणून सांगणाराही तोच. या बिलीवर आमच्याकडे सर्वांत जास्त वाद झाला. काहींना तो निव्वळ गद्दार वाटला. आम्हाला तसे वाटत नाही. त्याला अंगावर कपडा आणि पोटाला भाकर साहेबाच्या चाबकानेच मिळते. असे बिली प्रत्येक दडपलेल्या समाजात सापडतात, आणि लेखकाने त्याला शिवी देऊन मोकळे न होता त्याची रात्रही दाखवली, हे त्याचे मोठेपण.

दुसऱ्या रविवारी एका आबाजींनी उघडच विचारले, “आपलंच रडगानं अजून सरलं नाही, अन् हे कुठलं सातासमुद्रापलीकडचं काढलं बाई?” प्रश्न रास्त होता. आपल्याकडे नाटकांची वाण नाही. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्येच ‘तृतीय रत्न’ लिहून एका कुणबी नवराबायकोचे घर भटजोशी कसे लुबाडतो ते दाखवले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि पुढे सव्वाशे वर्षांनी, १९७९ मध्ये ते छापून आले. आपल्या विदर्भाचे प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका १९७७ ची. मग हे परके कशाला?

मुलीने त्या दिवशी उत्तर दिले नाही. पुढच्या रविवारी ती बाबासाहेबांचा ‘दि अनटचेबल्स’ हा १९४८ चा ग्रंथ घेऊन आली आणि प्रस्तावनेचे पहिले पान समजावून सांगितले. तिथे बाबासाहेब एकट्या अस्पृश्यांबद्दल बोलत नाहीत. तीन समाज ते एका दावणीला बांधलेले दाखवतात: गुन्हेगार ठरवलेल्या जमाती सुमारे २ कोटी, आदिवासी सुमारे दीड कोटी आणि अस्पृश्य सुमारे ५ कोटी. ज्या संस्कृतीने हे तीन वर्ग निर्माण केले तिला संस्कृती कशी म्हणावी, असा त्यांचा सवाल आहे. त्याआधी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’तही आदिवासींना जंगलात तसेच का राहू दिले, हे त्यांनी विचारले आहे. आबाजी म्हणाले, “असं हाय होय. मंग वाच बाई पुढं.”

आणि पुढे वाचताना मूर रिव्हर काही सातासमुद्रापलीकडे राहिले नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये इथे गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मली ती पोरेच गुन्हेगार! नाव नोंदवा, हजेरी द्या, गाव सोडायचे तर परवाना घ्या. सोलापूरला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो याच जगण्याच्या कहाणीला. आणि आपल्या वर्धा जिल्ह्यात फासेपारध्यांचे बेडे आजही गावकुसापासून दूर आहेत. कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी बेड्यावर जाते. नाटकात सॅम आणि जिमीला दारू प्याल्याबद्दल तुरुंग आहे, कारण तिथे तो कायदा केवळ मूळ रहिवाशांना होता. गोऱ्याने स्वतः प्यावी, मात्र त्यांना दिली तर त्यालाही शिक्षा. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी सर्वांना सारखी आहे, पण धाड सर्वांवर सारखी पडते का, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

इथून आमच्या अभ्यासाला वेगळेच वळण लागले. शिध्याचा प्रसंग वऱ्हाडीत बसवून जयंतीच्या कार्यक्रमात करू, अशी मुलांची कल्पना. त्यावर एकीने सुचवले की जवळच्या बेड्यावरच्या पोरांना यात घ्यावे, त्यांच्यावाचून हे नाटक लुटुपुटूचे होईल. आणि वस्तीत कुजबुज सुरू झाली. तालमीला ते विहारात येतील, सायकली बाहेर असतात, भांडी असतात. कुणी वाईट मनाचे नव्हते हो. मेहनतीने घेतलेली वस्तू जाण्याची भीती गरिबालाच जास्त. पण ही भीती ज्या शब्दांत बोलली गेली, ते शब्द आपल्या आजोबांबद्दल कुणीतरी बोललेलेच होते, आणि नॉर्दमच्या गोऱ्यांनी सभेत ठराव करताना वापरलेले शब्दही याहून फार वेगळे नसतील. आम्ही बैठकीत हे स्पष्ट बोललो. दोन घरांनी त्या दिवसापुरते येणे बंद केले. बाकीच्यांनी होकार दिला, तो काहींनी मनापासून आणि काहींनी मुलांच्या हट्टाखातर.

मूळ नाटकाच्या पहिल्या प्रयोगांत प्रेक्षकांना एका जागी बसू दिले नव्हते म्हणतात. एका प्रसंगाकडून दुसऱ्याकडे त्यांनीच चालत जायचे, जसे ते कुटुंब हाकलले गेले. आम्हीही एक तालीम बेड्यावर आणि एक विहारात असे ठेवले आहे. एकदा आपण चालायचे, एकदा त्यांनी.

ऑस्ट्रेलियात पुढे काय झाले, असे मुलांनी विचारले. आईबापांपासून तोडलेल्या मुलांची माफी तिथल्या पंतप्रधानांनी १३ फेब्रुवारी २००८ ला संसदेत मागितली. मूळ रहिवाशांचे म्हणणे संसदेपुढे मांडणारे मंडळ घटनेत असावे की नको, यावर २०२३ मध्ये सार्वमत झाले आणि सुमारे ६० टक्के लोकांनी ‘नको’ म्हटले. मतदानाचा दिवस होता १४ ऑक्टोबर. ही तारीख ऐकून विहारात क्षणभर कुणी बोलले नाही.

तालमी सुरू आहेत. आजीचे काम बेड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईंना दिले आहे. त्यांना वाचता येत नाही, पण ऐकून ऐकून सगळे पाठ झाले आहे आणि सार्जंटला शिव्या कोणत्या द्यायच्या ते त्यांनी आम्हाला विचारलेले नाही. मिली आमच्याकडची आहे, जो त्यांच्याकडचा. वर्तमानपत्र अडखळत वाचायचे काम त्या पोराला फार छान जमते, कारण तो खरोखरच यंदा वाचायला शिकला आहे. पीठ, चहा, घोंगडी जमली. सार्जंट व्हायला मात्र दोन्ही वस्त्यांतून अजून कुणी तयार नाही.