सोनसाखळीचं दशक

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि १८६२ पासून चालत आलेली दंड संहिता मागे पडली. वस्तू हिसकावून पळणाऱ्यासाठी आता ३०४ हे स्वतंत्र कलम आहे. शिक्षा मात्र जास्तीत जास्त तीन वर्षं, म्हणजे साध्या चोरीच्या पहिल्या गुन्ह्याला असते तेवढीच. हे वाचून पुण्यातली सोनसाखळी चोरीची वर्षं आठवली आणि संताप झाला.

त्याआधीच्या चोऱ्या सगळीकडे सारख्याच होत्या. जिन्याखालची सायकल जायची, पितळी हंडा जायचा, पीएमटी बसच्या गर्दीत पाकीट मारलं जायचं, मे महिन्यात बंद घराचं कुलूप तुटायचं.

२००२ मध्ये दहा ग्रॅम सोनं पाच हजारांच्या आसपास होतं. २०१२ मध्ये ते तीस हजारांवर गेलं. याच दशकात वेगवान मोटारसायकली हप्त्यांवर मिळू लागल्या. सकाळी फिरायला निघालेल्या बायकांच्या मागून दुचाकी यायची आणि क्षणात मंगळसूत्र जायचं. माझ्या आईचंही असंच गेलं. चौकीत आधी हद्दीवरून वाद झाला, मग गुन्हा न नोंदवता अर्ज लिहून घेतला. मानेवरचा वळ आठवड्यात गेला, पण आई पुन्हा एकटी फिरायला गेली नाही. सोनं कपाटात गेलं, गळ्यात खोटे मणी आले. बायकांची मोकळी सकाळ त्या दशकानं हिरावली, आणि त्याची नोंद कुठल्याच पंचनाम्यात नाही.

सोसायटीच्या सभेत संशय मोलकरणीवर, वॉचमनवर, रस्त्याकडेला पालं ठोकलेल्या पारध्यांवर. पारध्यांना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, नजर तीच राहिली. पकडलेल्यांच्या बातम्यांत जुगार, दारू, कर्ज, गाडीची हौस अशी कारणं असत. अशा कारणांनी माणूस एकदा हात मारेल. रोज मारतो, कारण माल घेणारा ठरलेला असतो. तुटलेली साखळी पावतीशिवाय घेऊन आटवणारा नसता, तर ती तोडून उपयोग काय होता? चोरीचा माल घेणाऱ्यासाठी जुन्या दंड संहितेत ४११ कलम होतंच. तरी चर्चा नेहमी दुचाकीवरच्या पोरांचीच व्हायची.

आता चोर फोनवरून येतो. ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालून निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी काढून घेतो. ती रक्कम जिरते कमिशनसाठी भाड्यानं दिलेल्या बँक खात्यांत. ही खाती देणारे, ती डोळे मिटून उघडणारे आणि तिथून पैसे पुढे नेणारे हेच आजचे माल घेणारे आहेत. फसलेल्या म्हाताऱ्याला मात्र ‘पैसे पाठवलेच कसे?’ असं विचारलं जातं. त्याआधी बँकेला विचारा: इतकी रक्कम एका दिवसात त्या खात्यातून गेलीच कशी? तपास पैशाच्या त्या टोकापासून सुरू झाला, तरच चोरीचा धंदा बसेल.