पहिली कमाई आणि बचतीचे पहिले धडे

शिक्षण पूर्ण करून नोकरीस किंवा व्यवसायास लागलेल्या तरुणाच्या हाती पहिली कमाई येते, तेव्हा घरात देवापुढे पेढे ठेवले जातात. तो आनंद योग्यच आहे. परंतु या कमाईचा विनियोग कसा करावा, याचे शिक्षण त्या तरुणास क्वचितच मिळालेले असते. चक्रवाढ व्याजाची उदाहरणे त्याने शाळेत परीक्षेपुरती सोडविलेली असतात. तेच गणित पुढे जन्मभर आपल्या बाजूने अथवा आपल्याविरुद्ध चालणार आहे, याची जाणीव त्यास नसते. गावोगावी अशा तरुणांना सल्ला विचारण्यासाठी जवळची माणसे म्हणजे शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि पंचायतीचे सदस्य. म्हणून या विषयाची मूलतत्त्वे या मंडळींनी स्वतः नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

काळ हेच भांडवल

तरुणाजवळ पैसा थोडा असतो, पण काळ विपुल असतो. या काळाचे मोल किती, हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. समजा, एका तरुणाने वयाच्या बाविसाव्या वर्षापासून दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,००० रुपये, याप्रमाणे दहा वर्षे बाजूला टाकले. पुढे त्याने एक पैसाही भरला नाही, मात्र साठलेल्या रकमेस हात लावला नाही. त्याच्या मित्राने बत्तिसाव्या वर्षी आरंभ करून अठ्ठावन्न वर्षांचा होईपर्यंत, म्हणजे सलग २६ वर्षे, तेवढीच रक्कम भरली. दोघांनाही द. सा. द. शे. ७ दराने चक्रवाढ व्याज मिळाले, असे धरू. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्याजवळ सुमारे ९ लाख ६३ हजार रुपये असतील, तर दुसऱ्याजवळ सुमारे ८ लाख २४ हजार. पहिल्याने १ लाख २० हजार रुपये भरले होते आणि दुसऱ्याने ३ लाख १२ हजार! आरंभीच्या दहा वर्षांची भरपाई पुढील सव्वीस वर्षांनाही करता आली नाही.

यासाठी एक सवय पुरेशी आहे. खर्च भागवून उरेल ते शिल्लक टाकू, असे म्हणणाऱ्याजवळ बहुधा काही उरत नाही. पगाराच्या दिवशीच ठरावीक रक्कम बाजूला काढावी आणि उरलेल्यात महिना भागवावा.

बहात्तरचा आडाखा

रक्कम किती काळात दुप्पट होईल, हे काढण्याचा एक सोपा आडाखा आहे. ७२ या संख्येस व्याजाच्या दराने भागावे. येणारे उत्तर म्हणजे दुप्पट होण्यास लागणारी वर्षे. शेकडा ६ दराने १२ वर्षे, शेकडा ८ दराने ९ वर्षे. महागाईलाही हाच आडाखा लागू पडतो. भाववाढ दरसाल शेकडा ६ राहिली, तर आजच्या शंभर रुपयांच्या वस्तूस बारा वर्षांनी दोनशे रुपये मोजावे लागतील. घरात ठेवलेली रोकड कमी झालेली दिसत नाही, पण तिची खरेदीची शक्ती झिजत असते.

कर्जाचे गणितही असेच आहे. महिना शेकडा ३ दराने घेतलेले कर्ज, मग ते सावकाराचे असो वा क्रेडिट कार्डाचे, फेडले नाही तर चोवीस महिन्यांत दुप्पट होते. म्हणून असे कर्ज अंगावर असता गुंतवणुकीचा विचार करणे व्यर्थ होय. ते आधी फेडावे, हीच सर्वोत्तम गुंतवणूक.

आधी संरक्षण, मग वाढ

कर्जानंतर दुसरे पाऊल म्हणजे अडीअडचणीची शिल्लक. आजारपण, नोकरीत खंड, नापिकी अशा प्रसंगी तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी रक्कम बँकेत किंवा टपाल कार्यालयात, सहज काढता येईल अशी असावी. तिसरे पाऊल म्हणजे विमा. घरची माणसे आपल्या कमाईवर अवलंबून असतील, तर केवळ जोखमीचा मुदतीचा विमा थोड्या हप्त्यात मोठे संरक्षण देतो. विमा हा संरक्षणासाठी व बचत वाढीसाठी. या दोहोंची गल्लत करू नये.

त्यानंतर दीर्घ मुदतीची बचत. १९६८ पासून चालत आलेल्या सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत वर्षाला किमान ५०० रुपये भरून खाते चालू ठेवता येते. त्याची मुदत पंधरा वर्षांची असून रकमेस केंद्र शासनाची हमी आहे. समभाग आणि म्युच्युअल फंड यांत दीर्घकाळात महागाईहून अधिक वाढ होण्याची शक्यता असते. परंतु त्यांचे मूल्य खालीही येते आणि हमी कोणाचीच नसते. पुढील सात-आठ वर्षांत ज्या पैशाची गरज नाही, तोच पैसा तेथे, थोडाथोडा व नियमितपणे, घालावा.

बँक आणि पतसंस्था

येथे एक भेद आवर्जून सांगितला पाहिजे. १९६० साली पलाई सेंट्रल बँक व लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर देशात ठेवविम्याची निकड भासली आणि १९६२ पासून ही व्यवस्था सुरू झाली. आरंभी १,५०० रुपये असलेली संरक्षणाची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारास, प्रत्येक बँकेमागे, व्याजासह ५ लाख रुपये करण्यात आली. सहकारी बँकांनाही हे संरक्षण आहे. मात्र सहकारी पतसंस्थांना ते नाही. नावात 'सहकारी' हा शब्द दोन्हीकडे असल्याने अनेक कुटुंबे आयुष्याची पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवतात. पतसंस्था वाईट असतात असे मुळीच नव्हे. परंतु सर्व पुंजी एकाच ठिकाणी असू नये.

दामदुप्पट : एका शब्दाचा प्रवास

हिंदू धर्मशास्त्रात 'दामदुपट' नावाचा नियम होता. सावकाराने एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करू नये, असा त्याचा आशय. मुंबई इलाख्यातील न्यायालयांनीही तो मानला. सावकाराच्या लोभास आवर घालणारा हा शब्द पुढे ठेवीदाराचा लोभ जागविणाऱ्या जाहिरातींत येऊन बसला! अशा वेळी बहात्तरचा आडाखा उपयोगी पडतो. केंद्र शासनाच्या किसान विकास पत्राचा दर एप्रिल २०२३ मध्ये शेकडा साडेसात ठरला. त्या दराने रक्कम दुप्पट होण्यास ११५ महिने लागतात. मग वर्षभरात दुप्पट देऊ म्हणणारा ते कोणत्या व्यवहारातून देणार? बहुधा नव्या ठेवीदारांच्या पैशातून जुन्यांना. आणि नवे येणे थांबताच सारा डोलारा कोसळतो.

अशा योजनांविरुद्ध १९७८ चा साखळी योजनांवरील बंदीचा कायदा, महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा अधिनियम आणि २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवरील बंदीचा कायदा, असे कायदे आहेत. तथापि, कायदा बहुधा पैसा गेल्यावर धावून येतो. त्यापूर्वी विवेकच उपयोगी पडतो.

आपली जबाबदारी

अशा योजनांचे दलाल गावात आले की प्रथम प्रतिष्ठित माणसांचे दार ठोठावतात. गुरुजींनी पैसे भरले, सरपंचांनी भरले, एवढे ऐकले की इतर चौकशी करीत नाहीत. योजना बुडते तेव्हा पैशाबरोबर गावाचा आपल्या माणसांवरील विश्वासही बुडतो. म्हणून आपले नाव कोणत्याही योजनेस देण्यापूर्वी तिची नोंदणी कोणाकडे आहे, हे लेखी पाहावे. ठेवीसंबंधी रिझर्व्ह बँक आणि समभागांसंबंधी 'सेबी' यांच्याकडे खात्री करून घ्यावी.

शाळांतील 'संचयिका' उपक्रमाने एके काळी अनेक मुलांना पहिले पासबुक हाताळावयास दिले. तेच काम निराळ्या रीतीने आजही करता येईल. गणिताच्या तासाला वर दिलेले दोन मित्रांचे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्यावे. ग्रामसभेत पतसंस्था व बँक यांतील भेद पाच मिनिटांत सांगावा. यासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. बाविसाव्या वर्षी जे कळावयास हवे, ते बत्तिसाव्या वर्षी कळले तर काय गमवावे लागते, याचा हिशेब आपण वर पाहिलाच आहे.