फरशीवाल्याचा बोजा

सोसायटीचे कर्ज काढले की उताऱ्यावर बोजा चढतो, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. पण फरशीचे बिल थकले म्हणून राहत्या घरावर बोजा चढला, असे बेळगावात कुणी ऐकले आहे का? मी ते कॅलिफोर्नियात पाहिले. तिथे त्याला ‘मेकॅनिक्स लीन’ म्हणतात. मराठीत लीन म्हणजे नम्र. हा लीन मात्र मुळीच नम्र नाही.

माझी मुलगी आणि जावई सॅन होजेला राहतात. २०२३ साली त्यांनी स्वयंपाकघर नव्याने करून घेतले, तेव्हा मी तिथेच होते. काम सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि पोस्टाने एक पत्र आले. पाठवणारा होता फरशांचा व्यापारी, ज्याचे नावही या दोघांनी ऐकले नव्हते. तुमच्या घराला मी माल देत आहे, पैसे मिळाले नाहीत तर तुमच्या घरावर बोजा चढवण्याचा हक्क मला राहील, असा मजकूर. मुलगी घाबरली. जावई म्हणाले, “आई, आपला करार कंत्राटदाराशी आहे. याचा आपल्याशी काय संबंध?”

संबंध आहे, आणि खरी गोम तिथेच आहे. मालकाने मुख्य कंत्राटदाराला सगळे पैसे चुकते केले, तरी त्याने ते पुढे पोटकंत्राटदाराला किंवा माल देणाऱ्याला दिले नाहीत, तर ते लोक घर धरू शकतात. मालकाला एकाच फरशीचे पैसे दोनदा मोजावे लागतात आणि मग कंत्राटदाराच्या मागे धावावे लागते. ते पत्र म्हणजे धमकी नव्हती. माल द्यायला लागल्यापासून २० दिवसांत अशी नोटीस पाठवावी, असा कायदाच आहे. उशीर केला तर आधीच्या मालावरचा हक्क बुडतो.

काम संपून महिना उलटला, आणि व्यापाऱ्याने काउंटीच्या नोंदणी कचेरीत ४,८०० डॉलरचा बोजा नोंदवला. काम पूर्ण झाल्यापासून ९० दिवसांत तो नोंदवता येतो. नंतर पुन्हा ९० दिवसांत दावा लावावा लागतो, नाही तर बोजा निकामी होतो. दावा जिंकला तर कोर्ट घर विकायलाही लावू शकते. एवढी वेळ सहसा येत नाही, पण बोजा असेपर्यंत घर विकणे किंवा त्यावर नवे कर्ज काढणे कठीण होऊन बसते.

मुलगी म्हणाली, “हा काय न्याय झाला?” मला मात्र तो सगळाच अन्याय वाटला नाही. फरशी बसवायला येणारा मेक्सिकोचा कारागीर गुडघ्यांवर बसून आठवडाभर राबत होता. त्याच्यासारख्या रोजंदारीच्या माणसाला हा हक्क नोटीस न देताही मिळतो. आपल्याकडे काय आहे? १८७२ च्या करार कायद्याने सोनार आणि शिंपी यांना मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवता येते. गवंड्याच्या हातात काय उरते? भिंत तर मालकाच्या जागेत उभी! त्याने तीन वर्षांच्या आत दिवाणी कोर्टात जायचे, किंवा “दिवाळीनंतर या” ऐकत हेलपाटे घालायचे. आमच्याच गल्लीत असे हेलपाटे घालणारे मेस्त्री मी पाहिले आहेत.

अमेरिकेत हा विचार फार जुना. नवी राजधानी वॉशिंग्टन बांधायची होती आणि कारागिरांना पैशाची खात्री हवी होती, म्हणून मेरीलँड राज्याने १७९१ मध्ये असा पहिला कायदा केला. त्यामागे थॉमस जेफरसन यांचा आग्रह होता. कॅलिफोर्नियाने तर १८७९ च्या राज्यघटनेतच हा हक्क घातला.

जावयांनी शेवटचा ९,००० डॉलरचा हप्ता अजून दिला नव्हता, हे नशीब. कंत्राटदार रोज फोन करी. वकिलाच्या सल्ल्याने त्यांनी ४,८०० चा चेक कंत्राटदार आणि व्यापारी अशा दोघांच्या नावे काढला, व्यापाऱ्याकडून बोजा उतरवल्याचा कागद कचेरीत नोंदवून घेतला, आणि मगच उरलेले पैसे दिले.

ज्यांची मुले तिकडे घर बांधत किंवा दुरुस्त करत असतील, त्यांनी फोनवर एवढे जरूर सांगावे. प्रत्येक हप्त्याबरोबर कंत्राटदाराकडून, आणि नोटीस पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून, हक्क सोडल्याचा कागद घ्यावा. कॅलिफोर्नियात त्याचे चार नमुने कायद्यातच छापलेले आहेत. पैसे हातात पडण्याआधी बिनशर्त कागदावर सही करायला तिकडचा शहाणा कारागीर तयार होत नाही, तेही बरोबरच आहे. घरदुरुस्तीच्या कामाला आगाऊ रक्कम १,००० डॉलर किंवा कराराच्या दहा टक्के, यांपैकी जी कमी असेल तेवढीच मागता येते. काम संपल्याची नोंद मालकाने वेळेत केली, तर ९० दिवसांची मुदत मुख्य कंत्राटदाराला ६० आणि बाकीच्यांना ३० दिवसांवर येते.

राज्य बदलले की नियम बदलतात. टेक्सासात राहत्या घरावर असा बोजा चढवायचा तर काम सुरू होण्याआधीच लेखी करार लागतो, आणि मालक विवाहित असेल तर त्यावर नवरा-बायको दोघांची सही.