दुर्गाबाईंचा भरतगड

आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला मसुऱ्यात लाखो माणसं लोटतात, त्यातली मोजकीच भरतगड चढतात. खरं तर चढ फारसा नाही. जांभ्या चिऱ्याची तटबंदी, आत हापूसची कलमं. बाग खासगी आहे, तेव्हा विचारून आत शिरावं. कातळात खोल उतरलेली विहीर मात्र चुकवू नये. पाणी नाही म्हणून शिवाजी महाराजांनी इथे गड बांधायचं टाळलं आणि पुढे सावंतवाडीकरांनी खडक फोडून पाणी काढलं, असं सांगतात. कालावल खाडीच्या पलीकडे भगवंतगड. तो कोल्हापूरच्या बाजूचा, भरतगडावर वचक ठेवायला उभारलेला.

सावंत आणि कोल्हापूरकर यांच्या या जुन्या भांडणात 1812 मध्ये तिसरा शिरला. त्या वर्षी कोल्हापूरने सिंधुदुर्गासह मालवण इंग्रजांना दिलं आणि बदल्यात उरलेल्या मुलखाच्या रक्षणाची हमी घेतली. सावंतवाडीनेही वेंगुर्ला देऊन तह केला. लगेच वाडीचे राजे फोंड सावंत वारले, गादीवर लहान मूल आलं आणि कारभार दुर्गाबाईंच्या हाती गेला. थोरल्या खेम सावंतांची ही विधवा राणी.

काही वर्षांपूर्वी कोल्हापूरने वाडीकडून भरतगड आणि नरसिंहगड घेतले होते. बाईंनी ते परत जिंकले. गड कोल्हापूरला देऊन टाका, असं इंग्रजांनी फर्मावलं. बाई बधल्या नाहीत. कंपनीची हमी कोल्हापूरला असेल, गड आमचा, हा त्यांचा हिशेब. मग 1813 मध्ये फौज आली आणि भरतगड कोल्हापूरकडे गेला.

दुर्गाबाईंना ‘कोकणची झाशीची राणी’ म्हणायचा मोह होतो, तो आवरावा. त्यांची लढाई शेजाऱ्याशी होती. कंपनी आडवी आली तेव्हा त्या तिच्यापुढेही वाकल्या नाहीत, इतकंच. पण आजूबाजूचे दरबार तहावर शिक्के उमटवत असताना हे इतकंही थोडं नव्हतं. इंग्रजांशी त्यांचं पुढेही जमलं नाही. त्यांच्यामागे सावित्रीबाई आणि नर्मदाबाई या सवती कारभारी झाल्या. फेब्रुवारी 1819 मध्ये जनरल कीरच्या फौजेने निवती आणि रेडीचा यशवंतगड घेतला, आणि त्याच महिन्यातल्या तहाने कर्लीच्या खाडीपासून गोव्याच्या हद्दीपर्यंतचा किनारा वाडीच्या हातून सुटला.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर निवती आणि यशवंतगड हे किल्लेही पाहावेत. मात्र पावसाळ्यात नको. जांभ्यावर शेवाळ धरतं.