गोठ्यातून मेंदूपर्यंत

6 जुलैचा जागतिक प्राणिजन्य रोग दिन आला की चर्चा रेबीज आणि भटक्या कुत्र्यांवरच येऊन थांबते. 1885 साली याच तारखेला लुई पाश्चर यांनी रेबीजची लस पहिल्यांदा माणसाला टोचली, तेव्हा ते साहजिकही आहे. पण वसई पूर्वेला, कामणच्या बाजूला गेलं की मला दुसऱ्याच आजाराची काळजी वाटू लागते. एकीकडे कामणदुर्ग, मधून वसई-दिवा रेल्वे, चिंचोटीहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने गाळे आणि गोदामं; आणि वसई-भिवंडीच्या याच पट्ट्यात म्हशींचे तबेले, पाड्यांवर शेळ्या. म्हैस गाभडली आणि वार अडकली, तर ती काढणारे हात बहुतेक वेळा उघडेच असतात. ब्रुसेला नावाच्या जिवाणूला एवढी संधी पुरते. कच्चं दूधही पुरतं.

ब्रुसेलोसिस म्हटलं की पशुपालकाला गाभडणं आठवतं आणि डॉक्टरला चढता-उतरता ताप, घाम, कंबरदुखी. मज्जासंस्थेचं नाव त्यात सहसा येत नाही, कारण शंभरात दहाहूनही कमी रुग्णांत जिवाणू तिथवर पोचतो. पण ज्यांच्यात पोचतो, त्यांचं आयुष्य उलटंपालटं होतं.

या जिवाणूचं सगळं कसब लपण्यात आहे. त्याचं बाहेरचं आवरण असं असतं की शरीराची संरक्षणव्यवस्था सुरुवातीला फारशी जागी होत नाही. जंतू गिळून मारणं हे ज्या पांढऱ्या पेशींचं काम, त्यांनी गिळलं तरी हा त्यांच्या पोटात जिवंत राहतो, वाढतो. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या पडद्याशी बहुतेक जंतू अडतात. हा मात्र याच पेशींत बसून पलीकडे जातो. मग मेंदूच्या आवरणाला सूज येते. मज्जारज्जू सापडला तर पाय जड होतात, लघवीवरचा ताबा जातो. रक्तवाहिनी सुजली तर पक्षाघाताचा झटका. कमरेच्या मणक्यात गळू झालं तर तिथल्या नसांवर दाब. कवटीतून निघणाऱ्या नसांपैकी आठवी, म्हणजे ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची नस, याच्या खास तडाख्यात सापडते.

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएस (गुलेन बॅरी सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पोटात गेलेल्या जिवाणूमुळे हातपाय लुळे पडू शकतात, हे घरोघरी कळलं. ब्रुसेलोसिसनंतरही क्वचित असंच घडतं. शेळ्यामेंढ्यांतल्या ब्रुसेलाच्या आवरणात आपल्या नसांवरच्या रेणूंशी साम्य असलेली रचना असते, असं जपानी संशोधकांनी दाखवलं आहे. शरीर जिवाणूवर तुटून पडतं आणि त्या भरात स्वतःच्या नसाही जखमी करतं.

या आजाराचा इतिहास सांगायचा तर डेव्हिड ब्रूसपासून सुरुवात करण्याची रीत आहे. 1887 मध्ये माल्टा बेटावर त्यांनी तो जिवाणू शोधला. शेळीचं दूध हे त्याचं मूळ आहे, हे 1905 मध्ये थेमिस्टोक्लीस झामिट यांनी दाखवलं. मला मात्र सांगायचं आहे अ‍ॅलिस इव्हान्स यांच्याबद्दल. शेळीपासून माणसाला ताप देणारा आणि गाय गाभडवणारा, हे दोन जिवाणू एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत, म्हणून गाईचं कच्चं दूधही धोक्याचं, असं या अमेरिकी संशोधक बाईंनी 1918 मध्ये मांडलं. डॉक्टरेट नसलेल्या एका स्त्रीचं ऐकायला तेव्हाचे दिग्गज तयार नव्हते. 1922 मध्ये प्रयोगशाळेत त्यांनाच संसर्ग झाला. पुढची सुमारे वीस वर्षं ताप, वेदना आणि थकवा यांनी त्यांना पुन्हा पुन्हा अंथरुणाला खिळवलं. तपासण्यांत काही सापडेना, तेव्हा डॉक्टरांनी हे मनाचे खेळ ठरवले. ज्या बाईने आजाराची वाट शोधून दिली, तिच्याच आजारावर विश्वास ठेवायला कोणी नव्हतं! शेवटी त्यांच्या शरीरातून जिवाणू वाढवून दाखवता आला, तेव्हा तो शिक्का पुसला गेला.

हे इतक्या विस्ताराने लिहिलं, कारण आपल्याकडेही असे रुग्ण असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. महिनोन्‌महिने अंग दुखतं, रात्री कपडे भिजेपर्यंत घाम येतो, चिडचिड होते, उदास वाटतं, आणि रिपोर्ट म्हणावा तर ‘नॉर्मल’. तबेल्यात राबणाऱ्या माणसाला ‘कामाचा ताण’ सांगितला जातो, बाईला तर ‘टेन्शन घेऊ नका’.

यापेक्षा मोठा घोळ टीबीशी होतो. रुग्णाच्या पाठीतलं पाणी काढून तपासलं की पांढऱ्या पेशी वाढलेल्या, प्रथिनं वाढलेली, साखर अनेकदा कमी. मेंदूच्या टीबीतही नेमकं हेच दिसतं. आपल्याकडे टीबी इतका आहे, आणि मेंदूच्या टीबीत थांबणं इतकं घातक, की डॉक्टरांनी लगेच टीबीची औषधं सुरू करणं बरोबरच आहे. अडचण त्यापुढे येते. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन ब्रुसेलावरही चालतं. ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, निदान पक्कं झालं असं वाटतं. पण एकट्या रिफॅम्पिसिनला हा जिवाणू पुरता हटत नाही. आजार दबतो आणि पुन्हा उसळतो. मेंदूतल्या ब्रुसेलोसिसला डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, जोडीला सुरुवातीला बहुधा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची इंजेक्शनं, असे काही महिन्यांचे उपचार लागतात.

सोलापूरला लागून असलेल्या विजापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. बसप्पा मंटूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 16 वर्षं चिकाटीने काम केलं. प्रौढांचे 26,948 रक्तनमुने तपासून त्यांनी ब्रुसेलोसिसचे 495 रुग्ण शोधले, म्हणजे शंभरात जवळपास दोन. संशय येण्याची वाट न पाहता अशा भागात ही रक्ततपासणी नेमाने करावी, हा त्यांचा आग्रह होता. जे विजापुरात सापडलं ते ठाणे-पालघरच्या दूधपट्ट्यात नसेल, असं मानायला मला एकही कारण दिसत नाही. विजापूरने शोधलं, म्हणून त्यांना सापडलं.

सरकारने 2019 मध्ये राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि वगारींना आयुष्यात एकदा ब्रुसेलाची लस देतात. चांगलंच आहे. पण मुंबईच्या आसपासचे तबेले चालतात ते बाहेरून आणलेल्या दुभत्या म्हशींवर. आटली की ती जाते, दुसरी येते. नव्या म्हशीला लहानपणी लस मिळाली होती का, ती कधी गाभडली होती का, हे घेणाऱ्याला कोण सांगणार? आणि पाड्यावरच्या शेळ्या तर या लसीकरणात नाहीतच, खरं तर माणसाला जास्त छळणारा ब्रुसेला त्यांच्याकडूनच येतो.

मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासून आहे, आणि त्याच परळात केईएम रुग्णालय आणि हाफकिन संस्था. गुरांचे आणि माणसांचे डॉक्टर इतके शेजारी असताना, कामणसारख्या गावात कोणाकडे म्हैस गाभडली ही खबर गुरांच्या दवाखान्यातून आरोग्य केंद्रात त्याच आठवड्यात पोचायला हवी. लांबलेल्या तापाच्या केसपेपरवर ‘घरी किंवा कामावर जनावरं आहेत का? कच्चं दूध पिता का?’ एवढे दोन प्रश्न छापायला खर्च येत नाही. उत्तर ‘हो’ असेल, तर रोज बेंगाल नावाची स्वस्त रक्तचाचणी काही मिनिटांत पहिला अंदाज देते. आणि रक्त कल्चरला पाठवताना प्रयोगशाळेला संशय आधी कळवावा, कारण हा जिवाणू सावकाश वाढतो आणि हाताळणाऱ्यालाही लागू शकतो.

गोठ्यात काम करणाऱ्यांनी वार काढताना हातमोजे घालावेत, पडलेला गाभ चुना टाकून खोल पुरावा, दूध उकळूनच प्यावं. आणि तापासोबत कमी ऐकू येऊ लागलं, चालताना तोल जाऊ लागला किंवा पाय जड झाले, तर डॉक्टरांना गोठ्याबद्दल आपणहून सांगावं. औषध उशिरा सुरू झालं तर जिवाणू मरतो, पण गेलेलं ऐकणं बऱ्याचदा परत येत नाही.