चंद्रबिंदूला कोपरे फुटले!

झाँसी छावनीतल्या घरासाठी पाटी कापायची होती. इंकस्केपमध्ये अक्षरं झकास दिसत होती. कॅडमध्ये आणली, तर ‘झाँ’वरचा चंद्रबिंदू पार खडबडीत, टिंबाचा चक्क बहुकोन! चूक माझीच. कॅडसाठीची फाइल डीएक्सएफच्या आर१२ या आवृत्तीत काढली होती. त्या जुन्या प्रकारात स्प्लाइन, म्हणजे सलग वक्ररेषा, नाहीच, म्हणून वक्राचे सरळ तुकडे पडतात. स्प्लाइन आर१३पासून आली. इंकस्केपच्या एसव्हीजी फाइलीतला घन बेझिए वक्र तिसऱ्या घाताच्या स्प्लाइनमध्ये तंतोतंत बसतो. (बेझिए हे रेनॉ मोटार कंपनीतले इंजिनिअर, म्हणजे हा वक्र मूळचा कारखान्यातलाच.) तेव्हा अक्षरांचे ‘पाथ’ करा, शिरोरेषेशी युनियन करा, मग स्प्लाइन ठेवून आर१४मध्ये काढा. आणि माप तपासाच: इंकस्केप ०.९२पासून इंचाला ९६ पिक्सेल धरतं, पूर्वी ९० धरायचं. जुन्या फाइलीतली १६ इंची पाटी १५ची होऊ शकते.